‘दुधाचेच दात आहेत’ म्हणता म्हणता

मकतबच्या उस्तादांनी आम्हाला दारातच थांबवले. थोरली तेव्हा नुकतीच सात वर्षांची झाली होती. म्हणाले, "बाकीचे हरूफ छान काढते, पण ‘फे’ काही केल्या नीट येत नाही. खालचा ओठ वरच्या दातांना लागायला हवा. हिचा वरचा ओठ खालच्या दातांना लागतो. एकदा तिचं तोंड बघून घ्या."

घरी येऊन आम्ही दोघांनी तिला आरशासमोर उभे केले. "मागच्या दाढा मिटून दात आवळ बघू." तिने आवळले. वरचे मधले दोन नवे दात नुकतेच उगवले होते आणि ते खालच्या दातांच्या मागे जाऊन बसले होते. डब्याचे झाकण डब्याच्या आत शिरावे तसे. रोज तिला भरवणारे, तिचे दात घासून देणारे आम्हीच, आणि हे आम्हाला तिसऱ्या माणसाने दाखवावे लागले.

दादीचे म्हणणे ठरलेले होते. "दुधाचेच दात आहेत. पडतील, नवे येतील. तुमचे काय कमी वाकडे होते?" आता ते वरचे दोन दात दुधाचे नव्हतेच, पण हे तेव्हा आमच्याही लक्षात आले नाही. गावातल्या दातांच्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी दोन मिनिटांत सांगितले की बारा-तेरा वर्षांची झाली की सगळे दात बदलतात, मग तारा लावू, आत्ता काही करायचे नाही. खरे सांगायचे तर आम्हाला हायसे वाटले. खर्च पाच वर्षे पुढे गेला होता.

सहा महिने असेच गेले. ईदला भाची घरी आली. ती बी.डी.एस.च्या शेवटच्या वर्षाला आहे. शीरखुर्म्याची वाटी हातात घेऊन ती थोरलीशी बोलत होती आणि बोलता बोलता गप्प झाली. स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "मामी, हिचा चावा उलटा आहे. बाकी कशालाही थांबा, पण याला थांबू नका. मामूंना सांगा, मिरजेला ऑर्थोडॉन्टिस्टना दाखवा."

ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणजे बी.डी.एस. झाल्यावर दात आणि जबडे सरळ करण्याच्या विषयात आणखी तीन वर्षे एम.डी.एस. केलेले डॉक्टर. अमेरिकेतील ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना सांगते की प्रत्येक मुलाला सातव्या वर्षाच्या आसपास एकदा तरी या तज्ज्ञांनी बघावे. याचा अर्थ सातव्या वर्षी तारा लावाव्यात असा नाही. बहुतेक मुलांना बघून परतच पाठवतात. पण थांबून चालणारे कोणते आणि न चालणारे कोणते, एवढे त्या वयात कळते.

मिरजेच्या डॉक्टर मॅडमनी आधी दातांकडे पाहिलेच नाही. थोरलीला बाजूने उभे करून तिचा चेहरा पाहिला. मग हनुवटीला बोट लावून खालचा जबडा मागे नेता येतो का ते पाहिले. मग विचारले, "घरात कुणाची हनुवटी पुढे आहे?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. तिचे नाना! निकाहच्या फोटोत ते नेहमी तोंड वळवून उभे असतात, ते का, हे त्या दिवशी कळले. ही गोष्ट घराण्यातून येते. युरोपातले हॅब्सबर्ग राजघराणे त्यासाठी इतिहासात बदनाम आहे. 1700 साली वारलेला स्पेनचा राजा दुसरा कार्लोस याचा जबडा इतका पुढे होता की त्याला नीट चावता येत नसे. आमच्या नानांचे तेवढे नाही. ते ऊस सोलून खातात.

उलटा चावा सगळा एकसारखा नसतो, हे मॅडमनी कागदावर काढून दाखवले. कधी फक्त एखादा दात चुकीच्या बाजूला उगवतो, जबडे ठीक असतात. कधी दोन दात एकमेकांना टेकतात, मुलाला तसे चावणे टोचते, म्हणून ते जबडा पुढे किंवा बाजूला सरकवून चावते, आणि तीच सवय होऊन बसते. अशा मुलाची हनुवटी समोरून पाहिल्यास जरा एका अंगाला गेलेली दिसते. आणि कधी मूळ दुखणे हाडातच असते. वरचा जबडा मागे राहिलेला, नाहीतर खालचा जास्त वाढलेला, किंवा दोन्ही.

पहिल्या प्रकाराला फार साधे उपायही चालतात. दात नुकताच डोके वर काढत असेल आणि मूल शहाणे असेल, तर आइस्क्रीमच्या लाकडी काडीसारखी पट्टी त्या दातामागे धरून दिवसातून काही वेळा चावायला लावतात. वाचून हसू येते, पण बेताच्या केसमध्ये दात खरोखर पुढे येतो. नाहीतर बारीक स्प्रिंगची काढघालीची प्लेट देतात, किंवा पुढच्या चार दातांना आणि मागच्या दोन दाढांना तेवढ्याच तारा लावतात. काम काही महिन्यांत उरकते. ते केले नाही तर उलटा अडकलेला दात समोरच्या दाताला रोज ढकलत राहतो. त्या दाताची हिरडी खाली उतरते आणि दातांच्या कडा झिजतात.

आमचे प्रकरण तिसऱ्या प्रकारात निघाले. चेहऱ्याचा बाजूने एक्स-रे काढला, गुलाबी लापशीसारखा लगदा तोंडात दाबून दातांचे माप घेतले. (त्या लगद्याने थोरलीला ओकारी आली. नंतर कळले की मान पुढे वाकवून नाकाने श्वास घ्यायला सांगितले तर त्रास कमी होतो. आधी सांगितले असते तर बरे झाले असते.) खालचा जबडा फारसा मोठा नव्हता. वरचा मागे राहिला होता आणि अरुंदही होता.

"ही साडेसात वर्षांची आहे, ही चांगली गोष्ट आहे," मॅडम म्हणाल्या. आम्हाला त्यात चांगले काय ते कळेना.

कारण असे. टाळूचे हाड एक दिसते, पण ते मधोमध जोडलेल्या दोन तुकड्यांचे असते. वरचा जबडा चेहऱ्याच्या बाकीच्या हाडांनाही अशाच सांध्यांनी जोडलेला असतो. लहान वयात हे सांधे सैल असतात, हाड ओढले तर येते. वय वाढते तसे सांधे एकमेकांत गुंतत जातात. वरचा जबडा पुढे ओढायचा तर आठ, फार तर दहा वर्षांपर्यंतचा काळ सगळ्यात फळाला येतो. बाराव्या-तेराव्या वर्षी तारांनी दात हलतात, पण मागे राहिलेला जबडा पुढे येत नाही. मग वाढ थांबेपर्यंत वाट पाहायची आणि फार बिघडले असेल तर जबड्याचे ऑपरेशन. म्हणजे गावच्या डॉक्टरांचा सल्ला साध्या वाकड्या दातांसाठी बरोबर होता. आमच्या मुलीसाठी तो चुकीचा होता.

आम्ही विचारले, की आत्ता केले तर पुढे ऑपरेशन लागणारच नाही का? मॅडमनी खोटी आशा दिली नाही. त्यांनी ब्रिटनमधल्या एका अभ्यासाचे सांगितले. तिथल्या आठ रुग्णालयांनी अशा 7 ते 9 वर्षांच्या 73 मुलांचे दोन गट केले. एका गटाला हा उपचार दिला, दुसऱ्याला दिला नाही. सहा वर्षांनी मुलांना पुन्हा तपासले. उपचार न दिलेल्या गटात 66 टक्के मुलांना पुढे ऑपरेशन लागेल असे तज्ज्ञांचे मत पडले, उपचार दिलेल्या गटात 36 टक्के. "छत्तीस म्हणजे शून्य नव्हे," त्या म्हणाल्या. "आजोबांचा जबडा तिच्यात किती उतरलाय ते पंधराव्या-सोळाव्या वर्षीच कळेल."

त्या रात्री घरात बैठक बसली. फुफूचे म्हणणे, "मुलीची जात, उद्या स्थळ बघायला येतील, करून टाका." बोलण्यात माया होती, पण आम्हाला ते लागले. मुलगा असता तर याच घरात ‘राहू दे’ म्हटले गेले असते, जणू मुलाला चावायचे नसते की ‘फे’ म्हणायचा नसतो. दादीला चिंता वुजूची. तोंडात पक्के बसवलेले काही असेल तर कुल्ली होईल का? इमामसाहेबांना विचारले. त्यांनी सांगितले की इलाजासाठी बसवलेली, काढता न येणारी वस्तू आहे, नीट चूळ भरावी, हरकत नाही. दादीचे समाधान झाले. खर्चाचे समाधान करायला मात्र कुणी इमाम नव्हता. हप्ते पाडून घेतले.

चावी आणि मुखवटा

आधी टाळूला बसवायचे यंत्र आले, एक्सपांडर. मागच्या दाढांना सिमेंटने चिकटवलेले आणि टाळूच्या मधोमध एक बारीक स्क्रू. त्या स्क्रूला भोक असते. त्यात छोटी चावी घालून रोज रात्री एक पाव फेरा द्यायचा. एका पाव फेऱ्याला पाव मिलिमीटर. चावी घशात पडू नये म्हणून तिला दोरा बांधून तो मनगटाला गुंडाळायचा, हे मॅडमनी शिकवले. पहिल्या रात्री आमचे हात थरथरत होते. थोरली म्हणाली, "नाकात गुदगुल्या होतात." दाब नाकाच्या मुळाशी जाणवतो, तो पाच-दहा मिनिटांत ओसरतो.

नवव्या दिवशी सकाळी ती हसली आणि आम्ही घाबरलो. वरच्या दोन दातांमध्ये काडीपेटीची काडी जाईल एवढी फट! दादी म्हणाली, "घ्या, होते ते बरे होते." मॅडमना फोन केला तर त्या खूश. टाळूचा सांधा उघडला, याचीच ती खूण. फट आपोआप मिटेल म्हणाल्या, आणि दीड-दोन महिन्यांत ती मिटलीही. उघडलेल्या जागेत नवे हाड भरते, म्हणून चावी बंद केल्यावरही यंत्र काही महिने तसेच ठेवावे लागते. ज्यांच्या घरी हे चालू असेल त्यांनी ही फट बघून आमच्यासारखे रात्रभर जागू नये.

पहिले दोन आठवडे बोलणे बोबडे झाले. तोंडात लाळ जमायची, ‘सीन’ आणि ‘साद’ सारखेच ऐकू यायचे. उस्तादांना आधीच सांगून ठेवले होते. त्यांनी त्या दिवसांत तिला मोठ्याने वाचायला लावले नाही, फक्त ऐकायला बसवले. यासाठी त्यांचे उपकार.

मग मुखवटा. फेसमास्क. कपाळावर एक गादी, हनुवटीवर एक, दोघींना जोडणारी नाकासमोरून जाणारी सळई, आणि तोंडातल्या यंत्राच्या आकड्यांपासून त्या सळईपर्यंत दोन्ही बाजूंना रबर. कपाळ आणि हनुवटीचा आधार घेऊन रबर वरचा जबडा पुढे खेचतात. दिवसाचे बारा ते चौदा तास घालायचा. शाळेत नाही, जेवताना नाही. म्हणजे संध्याकाळी सहाला जेवण उरकून जो चढवायचा तो सकाळी आठपर्यंत.

या चौदा तासांतच सगळे यश-अपयश आहे. डॉक्टर महिन्यातून एकदा पंधरा मिनिटे बघतात. बाकीचे घर बघते. पहिल्या आठवड्यात ती रडली, रात्री झोपेत काढून गादीखाली लपवला. आम्ही ओरडलो. ओरडल्याचा उपयोग झाला नाही. मग भाचीने फोनवर सांगितले की तिला तास मोजायला द्या. कॅलेंडरवर रोज सकाळी तिनेच आकडा लिहायचा. चौदा झाले की हिरवा, कमी झाले की निळा. रबर लावायचे कामही तिच्याकडेच दिले. तेव्हापासून मुखवटा आमचा राहिला नाही, तिचा झाला. एका निळ्या आठवड्यानंतर मॅडमनी कॅलेंडर पाहिले आणि काहीही न बोलता पुढच्या महिन्याच्या पानावर एक फूल काढून दिले. बक्षीस म्हणून आम्ही कबूल केलेल्या सायकलीपेक्षा ते फूल जास्त चालले.

हनुवटीला उन्हाळ्यात पुरळ आले. गादीखाली धुतलेल्या सुती मलमलचा तुकडा ठेवला, सकाळी गादी साबणाने धुवायला लागलो, मग थांबले. खाण्यात चिक्की, च्युइंगम, कडक चकली बंद. खजूर चालतो, पण बी काढून बारीक तुकडे करून, कारण तो यंत्राखाली जाऊन बसतो. दादीने हौसेने आणलेली मिसवाक पुढच्या दातांना चालली. दाढांभोवतीच्या सिमेंटला मात्र लहान डोक्याचा मऊ ब्रशच हवा, नाहीतर यंत्र निघते तेव्हा खाली कीड सापडते.

बाकीच्या मुलांचे काय

आमचे पाहून नात्यातल्या सगळ्यांनी आपापल्या मुलांना आरशासमोर उभे केले. त्यातल्या बहुतेकांना घाई नव्हती, हेही सांगायला हवे.

शेजारच्या आठ वर्षांच्या मुलाच्या वरच्या पुढच्या दातांत मोठी फट, दात पंख्यासारखे फाकलेले. त्याच्या आईला झोप येईना. पण सात ते अकरा वर्षांपर्यंत हे बहुधा नेहमीचेच असते. वरून उतरणारे सुळे शेजारच्या दातांच्या मुळांना ढकलतात म्हणून दात फाकतात, आणि अकराव्या-बाराव्या वर्षी सुळे जागेवर आले की फट पुष्कळदा मिटते. डॉक्टर मंडळी या काळाला ‘कुरूप बदकाचे पिल्लू’ म्हणतात. तिथे तारा लावायची घाई करणाऱ्याला दोन प्रश्न जास्त विचारावेत.

फुफूच्या मुलाचे वरचे दात पुढे आलेले. तो अकरा वर्षांचा आहे. इथे उलट्या चाव्यापेक्षा हिशेब वेगळा. असे दात आठव्या-नवव्या वर्षी दुरुस्त करायला घेतले काय आणि किशोरवयात घेतले काय, शेवट साधारण सारखाच होतो, असे या विषयावरचे अभ्यास एकत्र करून पाहणाऱ्यांना आढळले आहे. लवकर केल्याचा एक फायदा मात्र दिसला, पडल्यावर पुढचे दात तुटण्याचे प्रमाण कमी झाले. त्यामुळे फार पुढे आलेले दात असतील किंवा मूल फार धडपडे असेल तरच लवकर. त्याला आता ट्विन ब्लॉक दिला आहे. विल्यम क्लार्क नावाच्या स्कॉटलंडमधील दंतवैद्याने 1977 साली काढलेले हे यंत्र. वर एक, खाली एक असे दोन ठोकळे, ते एकमेकांवर बसले की खालचा जबडा पुढे येतो. अंगात वाढ चालू असते त्या वर्षांत ते चांगले चालते.

सगळ्यात जास्त चूक होते ती सहाव्या वर्षी येणाऱ्या दाढेबाबत. ती दुधाच्या दाढांच्या मागे येते, तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून घरच्यांना वाटते हीही दुधाचीच. ती कायमची असते, जन्मभराची. आणि तिच्या पुढच्या दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. कीड लागून त्या सहाव्या वर्षीच काढल्या की मागची दाढ पुढे सरकते, खालून येणाऱ्या दाताची वाट अडते आणि पुढे सगळी दाटी होते. काढावीच लागली तर जागा धरून ठेवणारी तारेची कडी बसवता येते. डॉक्टरांनी नाही सांगितले तर आपण विचारावे. आमच्या लहानपणी हे कुणी विचारले नाही, त्याचे परिणाम आमच्या दोघांच्याही तोंडात आहेत.

तोंड उघडे टाकून झोपणारे, घोरणारे मूल असेल तर दातांच्या आधी नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे न्यावे. नाकामागच्या गाठी सुजलेल्या असल्या तर नुसत्या तारांनी काम टिकत नाही.

खर्चाने मागे हटणाऱ्यांसाठी. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी दंत महाविद्यालये आहेत, मुंबईत महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे, गोव्यात बांबोळीला सरकारी महाविद्यालय आहे. पुण्यात आझम कॅम्पसमध्ये रंगूनवाला दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी एम.डी.एस. करणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी होतो, खेपा आणि वाट पाहणे जास्त. कामावर सुट्टी मिळत नसेल तर खेपांचाही खर्च धरूनच ठरवावे, आम्ही तसे धरले आणि मिरजच परवडले. कुठेही जा, तीन गोष्टी विचारून घ्या. दुखणे दातांत आहे की जबड्यात? आत्ता केले नाही तर काय बिघडेल? आणि हे झाल्यावर पुढे पुन्हा तारा लागतील का? तिसऱ्याचे उत्तर आमच्या बाबतीत ‘बहुतेक हो’ असे होते. तेही आधी कळलेले बरे.

दहा महिने मुखवटा चालला. सहाव्या महिन्यात वरचे आणि खालचे दात टोकाला टोक आले, आठव्यात वरचे दात पुढे. चेहऱ्यातला फरक आम्हाला रोज बघून कळला नाही, नानांना कळला. बऱ्याच दिवसांनी आले तेव्हा नातीची हनुवटी धरून बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "आमच्या वेळी हे नव्हते." एवढेच.

आता दर सहा महिन्यांनी मिरजेला जायचे आहे, वाढ पुरी होईपर्यंत. वयात येताना खालचा जबडा पुन्हा जोर धरू शकतो. तसे झाले तर त्या वेळी पाहू. मकतबमध्ये तिने ‘फे’ म्हणून दाखवला. उस्तादांनी दोनदा म्हणायला लावला आणि पुढचा हरूफ घेतला.

मुखवटा कपाटात आहे. धाकटा चार वर्षांचा आहे, तो घालून अंतराळवीर होतो. तो अजून रात्री अंगठा चोखतो. कडुलिंबाचा पाला लावून पाहिला, तो पुसून चोखतो. मॅडम म्हणाल्या, रागावू नका. पुढचे कायमचे दात यायच्या आत सुटला तर पुढच्या दातांतली फट बहुतेक आपोआप भरून येते. सहाव्या वर्षापर्यंत नाही सुटला तर घेऊन या, टाळूला अंगठा अडवणारी जाळी बसवू. त्याला आम्ही आतापासूनच एक कॅलेंडर दिले आहे. त्यात अजून तरी सगळे आकडे निळेच आहेत.